गुडघ्याला दिलं, मांडीनं सोसलं

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेले खेळाडू चार-सहा महिन्यांनी एक वेगळीच तक्रार सांगू लागतात. गुडघा छान आहे, सूज उतरली आहे, जिना चढता येतो, दुचाकी चालवता येते. पण मांडीची मागची बाजू साथ देत नाही. जरा वेगात पळालं की तिथं ओढ बसते. रात्री गोळा येतो. पालथं झोपून टाच मागे ओढायला गेलं की पाय अर्ध्या वाटेत थरथरायला लागतो. ‘ऑपरेशन गुडघ्याचं झालं, मग मांडी का दुखते?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ऑपरेशनच्या आधीच मिळायला हवं, आणि अनेकांना ते मिळत नाही.

नवा अस्थिबंध येतो कुठून?

गुडघ्याच्या आत मधोमध एसीएल नावाचा अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, असतो. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे घसरू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, हे त्याचं काम. कबड्डीत चढाईपटू पाय रोवून झटकन वळतो, फुटबॉलमध्ये धावता धावता दिशा बदलली जाते, उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो. अशा क्षणी तो तुटतो. पूर्ण तुटलेलं एसीएल टाके घालून जोडलं तर ते टिकेल याची खात्री नसते. म्हणून बहुतेक वेळा तिथं एखादी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बसवली जाते. तिला ग्राफ्ट म्हणतात.

हा ग्राफ्ट बहुधा रुग्णाच्याच शरीरातून घेतात, आणि जगभर खूप वापरली जाणारी जागा म्हणजे मांडीची मागची-आतली बाजू. तिथल्या सेमीटेंडिनोसस या हॅमस्ट्रिंग स्नायूची कंडरा काढली जाते आणि गरजेनुसार शेजारच्या ग्रॅसिलिसचीही. गुडघ्याखाली आतल्या बाजूला छोटा छेद देऊन, पोकळ नळीसारखं एक अवजार कंडरेवरून वर सरकवत ती मोकळी केली जाते. मग तिच्या घड्या घालून साधारण 8 मिलिमीटर जाडीचा ग्राफ्ट तयार होतो. दुर्बिणीतून पाहत, हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून तो ओवला जातो आणि बटण किंवा स्क्रूने पक्का केला जातो.

ही पद्धत चांगली आहे. लाखो लोक तिच्यामुळे पुन्हा चालू-धावू लागले आहेत. पण नडगीला मागे खेचून धरणारे स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंगच. एसीएलचं ओझं हलकं करणारा हा गुडघ्यातला सर्वात मोठा पाठीराखा, आणि नवं एसीएल त्याच्याच कंडरेतून घडवलेलं असतं. म्हणजे ऑपरेशननंतर बऱ्या करायच्या जागा दोन असतात. एकीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. दुसरीची चौकशी फारशी कुणी करत नाही.

काढलेली कंडरा परत येते, पण...

काढलेली कंडरा बहुतेक रुग्णांत पुन्हा उगवते. ऑस्ट्रेलियातल्या मर्विन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये हे प्रथम दाखवून दिलं. पालीची शेपटी तुटून परत यावी तसा हा प्रकार असल्यानं वैद्यकीय लेखनातही त्याला पालीच्याच शेपटीची उपमा मिळाली आहे. मात्र नवी कंडरा नेहमी जुन्या जागी चिकटत नाही. पुष्कळदा ती थोडी वरच येऊन जोडली जाते. मधल्या काळात स्नायू वर आक्रसलेला असतो, बारीक झालेला असतो. काहींमध्ये कंडरा उगवतच नाही आणि शेजारच्या स्नायूंना जादा काम उचलावं लागतं.

याचा परिणाम एका ठरावीक जागी दिसतो. गुडघा थोडासा वाकलेला असताना हॅमस्ट्रिंगची ताकद बऱ्यापैकी परत येते. पण काटकोनाच्या पुढे, टाच नितंबाकडे ओढताना ती कमी पडते. हा फरक वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकू शकतो. खुर्चीत बसवून केलेल्या साध्या तपासणीत तो लपून राहतो; पालथं झोपवून तपासलं की उघडा पडतो.

आपल्याकडे हा फरक जास्त जाणवतो, कारण आपण जमिनीवर बसणारी माणसं आहोत. मांडी घालताना पाय हाताच्या मदतीशिवाय आत ओढून घ्यावा लागतो. खो-खोचा खेळाडू पाटीवर उकिडवा बसून क्षणात उठतो आणि धावतो. कबड्डीत ‘टो टच’साठी पाय लांब फेकताना हॅमस्ट्रिंग ताणलेल्या अवस्थेत जोर लावते. ‘गुडघा 120 अंश वाकतोय, सगळं ठीक’ एवढ्या शेऱ्यावर अशा माणसाला घरी पाठवणं म्हणजे काम अर्धवट सोडणं आहे.

कोणतं दुखणं कशाचं?

पहिल्या काही आठवड्यांत मोजे घालताना किंवा खाली वाकताना मांडीच्या मागे ‘टक्’ असा आवाज होऊन कळ येते, काळं-निळं पडतं. रुग्ण घाबरतो, त्याला वाटतं, ग्राफ्टच तुटला. बहुतेक वेळा तिथले नुकते जुळू लागलेले व्रणाचे धागे सुटलेले असतात आणि काही दिवसांत दुखणं ओसरतं. तरीही सर्जनला कळवावंच.

नडगीच्या पुढे किंवा बाहेरच्या बाजूला बधिरपणा येणं हेही सर्रास घडतं. कंडरा काढताना त्वचेची एक बारीक नस दुखावली जाते. बधिर भाग हळूहळू आक्रसतो, काहींमध्ये थोडासा कायम राहतो; पायाच्या ताकदीवर त्याचा परिणाम होत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत हॅमस्ट्रिंग गुडघ्याला सांभाळायला म्हणून आपोआप आवळून राहते आणि गुडघा पूर्ण सरळ होऊ देत नाही. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपलं की बरं वाटतं, पण ती सवय पुढे महागात पडते. उशी घ्यायचीच असेल तर टाचेखाली.

मग येते कित्येक महिने रेंगाळणारी ‘आखडल्याची’ भावना. इथं सर्वात मोठी चूक होते. आखडलंय म्हणून माणूस रोज ताणत बसतो. खरं तर ही भावना पुष्कळदा कमकुवतपणाची असते. स्नायूला झेपत नाही, म्हणून तो आवळतो. त्याला ताणण्यापेक्षा टप्प्याटप्प्यानं वजनाचं काम हवं असतं. आणि पहिल्या सहा आठवड्यांत जोरानं ताणलं तर कंडरा काढलेली जागा पुन्हा दुखावते.

पोटरी सुजून गरम लागणं, अचानक धाप लागणं, ताप येणं, जखमेतून स्राव येणं किंवा गुडघा मधूनच निसटणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पोटरीची सूज आणि धाप हे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं लक्षण असू शकतं.

व्यायाम मागच्या बाजूचाही

ऑपरेशननंतर मांडीच्या पुढचा स्नायू झपाट्यानं सुकतो, डोळ्यांना दिसतो, म्हणून फिजिओथेरपीचा भर त्याच्यावर असतो. तो योग्यच आहे. पण मागच्या बाजूची वेगळी योजना हवी.

सुरुवातीला टाच गादीवरून हळू सरकवणं पुरतं. वजन लावून गुडघा मागे वाकवण्याचे व्यायाम साधारण सहा-आठ आठवड्यांनंतर सुरू होतात. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादीही शिवली असेल, तर त्याहून उशिरा. पुढची पायरी ‘ब्रिज’ची: पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची. आधी दोन पायांवर, मग एका. मग टाचा दूर सरकवत. गुळगुळीत फरशीवर टाचेखाली टॉवेल ठेवून पाय लांब नेणं आणि परत ओढणं हा बिनखर्चाचा उत्तम व्यायाम. त्यानंतर वजन हातात घेऊन कमरेतून वाकण्याचा डेडलिफ्ट, पालथं झोपून पूर्ण वाकेपर्यंतचे कर्ल, आणि पुढच्या टप्प्यात ‘नॉर्डिक’: गुडघ्यांवर उभं राहायचं, सोबत्यानं घोटे धरायचे आणि शरीर सावकाश पुढे झुकवत न्यायचं. शेवटी वेगानं धावणं, तेही वाढवत वाढवत. जोरात धावतानाच हॅमस्ट्रिंगवर सर्वाधिक ताण येतो. तो सराव न करता थेट सामन्यात उतरणं धोक्याचं आहे. प्रत्येक पायरी कधी चढायची, हे आपल्या फिजिओनं ठरवायचं.

घाई कुठं नडते

नवा ग्राफ्ट बसवल्या दिवशी असतो तेवढा भक्कम पुढचे काही महिने नसतो. आधी त्याच्यातल्या पेशी मरतात, मग नवा रक्तपुरवठा सुरू होतो आणि कंडरेचा हळूहळू अस्थिबंध होत जातो. दुखणं थांबून माणसाला ‘आता झालो बरा’ असं वाटू लागतं, नेमक्या त्याच सुमारास ग्राफ्ट नाजूक असतो.

ऑस्लोतल्या 106 खेळाडूंवरच्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत मैदानात परतणं जितके महिने लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्यामागे सुमारे निम्म्यानं घटली. त्याच वर्षी कतारमधल्या 158 व्यावसायिक खेळाडूंच्या अभ्यासात, ठरवलेल्या चाचण्या पूर्ण न करता परतलेल्यांमध्ये ग्राफ्ट तुटण्याचा धोका चौपट आढळला. आणि मांडीच्या पुढच्या स्नायूच्या तुलनेत हॅमस्ट्रिंग कमजोर असणं हेही धोक्याचं मोठं कारण ठरलं. क्रिकेटपटू ऋषभ पंतचंच बघा. त्याचा कार अपघात 30 डिसेंबर 2022 चा. गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर तो आयपीएलमध्ये उतरला मार्च 2024 मध्ये. त्याच्या दुखापती जास्त गंभीर होत्या हे खरं, पण उत्तमातल्या उत्तम सोयी हाताशी असूनही शरीरानं आपला वेळ घेतलाच.

गावोगावच्या खेळाडूकडे त्या सोयी नसतात. अनेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा खर्च 60 किंवा 90 दिवसांपुरताच देतात, आणि हॅमस्ट्रिंगचं खरं काम तर त्यानंतर सुरू होतं. चालता येऊ लागलं की फिजिओथेरपी बंद होते, ती बेफिकिरीनं नव्हे, पैशांअभावी. मोठमोठी बक्षिसं लावणाऱ्या मंडळांनी आणि स्पर्धा संयोजकांनी त्यातला वाटा जखमी खेळाडूच्या फिजिओथेरपीसाठी बाजूला काढला, तर कित्येकांची कारकीर्द वाचेल.

विचारायलाच हवं

ऑपरेशनपूर्वी सर्जनला विचारा: माझा ग्राफ्ट कुठून घेणार, आणि तिथं पुढे काय त्रास होऊ शकतो? वाटीखालच्या कंडरेचा ग्राफ्ट घेतला तर गुडघे टेकून बसताना दुखू शकतं. नमाज पढणाऱ्यानं, शेतात गुडघ्यांवर बसून खुरपणी करणाऱ्यानं याचा विचार करावा. वाटीच्या वरची कंडरा किंवा घोट्यालगतची पेरोनियस लाँगस हेही पर्याय आहेत. प्रत्येकाची काही ना काही किंमत आहे. आपल्या कामाला आणि खेळाला कोणती परवडते, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे.

आणि मैदानात परतण्याआधी दोन्ही पायांच्या हॅमस्ट्रिंगची ताकद मोजून घ्या, पालथं झोपून आणि गुडघा काटकोनापलीकडे वाकवूनही. यंत्र नसेल तर व्यायामशाळेतल्या कर्ल मशीनवर एकेका पायानं किती वजन ओढता येतं, हे फिजिओसमोर ताडून पाहा. ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्याच्या 90 टक्क्यांपर्यंत पोहोचला नसेल, तर समोरची स्पर्धा कितीही मोठी असो, ती सोडा आणि व्यायाम चालू ठेवा.