वरणात पाणी वाढतं तेव्हा...

महागाईची पहिली वर्दी भाजीच्या पिशवीत नव्हे, वरणाच्या पातेल्यात लागते. २०१५ साली तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा हे घरोघरच्या गृहिणींनी अनुभवलं. डाळ मूठभर कमी, पाणी वाटीभर जास्त. पानात वरण दिसतं, म्हणून कुणाची तक्रार नसते. पण शाकाहारी घराची प्रथिनांची मोठी मदार त्या मूठभर डाळीवरच असते! शिवाय सर्वांत पातळ वरण येतं ते शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला.

खरं तर तुरीवाचून अडावं असं काही नाही. शंभर ग्रॅम तुरीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं; मटकी, चवळी, कुळीथ यांतही जवळपास तेवढीच. शेंगदाण्यात तर २५ ग्रॅम. तरीही पाहुण्यांपुढे कुळथाची पिठी वाढायला आपल्याला संकोच वाटतो. का, कोण जाणे!

पिठलं-भाकरी तर गरिबाघरचं म्हणून हिणवलेलं अन्न. पण ज्वारीत लायसिन कमी, ते हरभऱ्याच्या पिठात भरपूर. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. मटकीला मोड आणले की ती फुगते, लवकर शिजते, गॅसही वाचतो.

उसळीवर लिंबू मात्र जरूर पिळा, लोह अंगी लागतं. आणि जेवणावरचा चहा? तो तासाभरानं घ्या. लगेच घेतला तर तेच लोह वाया जातं.