पगार आहे, मग मन का लागत नाही?

पाळी हे गोव्यातल्या डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यातले गाव. या पट्ट्यात नोकरीविषयी कुरकुर करायला माणूस धजत नाही. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या आणि 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रकांचे हप्ते थकले, गॅरेजे ओस पडली. ते दिवस काढलेल्या आईवडिलांना मुलगा सरकारी खात्यात किंवा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कायम झाला की हायसे वाटते, आणि ते रास्तच आहे. पण तोच मुलगा पुढे ‘कामात मन रमत नाही’ म्हणाला, तर ‘सुखाचा जीव दुःखात घालू नकोस’ एवढेच त्याला ऐकायला मिळते. मला हे अन्यायाचे वाटते. असा कंटाळा बहुतेक वेळा कामाच्या मांडणीतून येतो आणि पगार कितीही वाढला तरी तो हटत नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडले की पगार, सुरक्षितता, साहेबाची वागणूक या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो. त्या चांगल्या असल्या म्हणून तो समाधानी होतोच असे नाही. समाधान येते ते कामातून, जबाबदारीतून, हातून काही घडल्याच्या जाणिवेतून. त्याच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. तरी 1970 च्या दशकात हॅकमन आणि ओल्डहॅम यांनीही जवळपास तिथेच बोट ठेवले: कामात विविधता हवी, एखादे काम आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या हाती हवे, त्याचा कोणाला उपयोग झाला ते दिसायला हवे, थोडा निर्णय आपला हवा आणि काम कसे झाले हे कळायला हवे. आता दिवसभर फायलींवर आवक क्रमांक घालणारा कारकून किंवा पाळीभर गोळ्यांची पाकिटे तपासणारी मुलगी डोळ्यांपुढे आणा. या पाचांतले त्यांच्या वाट्याला काय येते? फाईल कुठे गेली, अर्जदाराचे काम झाले की नाही, हे त्या कारकुनाला कोणी सांगत नाही. याची झळ शरीरालाही लागते. लंडनच्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांच्या, 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, आपल्या कामावर ताबा कमी असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले.

ही माणसे मुळात आळशीच, असा आक्षेप घेतला जातो. गोव्यात तरी तो टिकत नाही. कचेरीत घड्याळाकडे पाहणारा माणूस संध्याकाळी नाटकाच्या तालमीला वेळेवर पोचतो, कला अकादमीच्या स्पर्धेसाठी रात्री जागवतो, भजनी पथकात पखवाज धरतो. पेडण्याकडे दशावतारात रात्रभर उभे राहणाऱ्यांतही दिवसा दुसरा पोटाचा धंदा करणारे आहेत. त्या कामात त्यांना जे मिळते ते नोकरीत मिळत नाही, एवढेच यातून सिद्ध होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: काम नसण्यापेक्षा कंटाळवाणे काम बरे. खरे आहे. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावी कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे जवळपास निम्म्यावर आले. दिवसाला आकार, चार माणसांची सोबत, समाजात स्थान, हे सगळे कामासोबत गेले होते. म्हणजे नोकरीकडून माणूस पगाराहून बरेच जास्त मागतो, हे बेकारीही दाखवते. म्हणून हातची नोकरी सोडा, असा सल्ला मी देणार नाही. घराचा हप्ता डोक्यावर असताना तो बेजबाबदारपणा ठरेल.

कंटाळवाणी कामे कोणीतरी करायलाच हवीत, हेही मान्य. ती एकाच माणसाने आयुष्यभर, डोळे बांधून का करावीत? कारखान्यात जागा आलटूनपालटून देता येतात. कचेरीत एका अर्जदाराचे प्रकरण आवकेपासून निकालापर्यंत एकाच कर्मचाऱ्याकडे सोपवता येते. अर्जदाराचे खेटेही त्याने वाचतील. खातेप्रमुखांनी आणि कारखान्याच्या व्यवस्थापकांनी एवढे बदल करून पाहावेत. आणि घरातल्या मोठ्यांनी मुलाला कृतघ्न ठरवण्याआधी त्याला दिवसभर नेमके काय करावे लागते, ते एकदा शांतपणे विचारावे.