केर्न्सहून फुटणाऱ्या समुद्रवाटा

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातले केर्न्स हे बंदर विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १७ अंशांवर आहे. आपली रत्नागिरी उत्तरेस जवळपास तेवढ्याच अंशांवर. हवा दमट आणि पाऊस मुसळधार, फक्त ऋतू उलटे. १८७६ साली डोंगरापलीकडच्या सोन्याच्या खाणींसाठी वसवलेले हे गाव पुढे उसावर पोसले गेले आणि मग पर्यटनावर. क्वीन्सलँडची राजधानी ब्रिस्बेन केर्न्सहून हवाई मार्गाने सुमारे १,४०० किलोमीटर दूर, तर पापुआ न्यू गिनी या शेजारी देशाची राजधानी पोर्ट मोर्सबी साडेआठशेच्या आत. समोर ग्रेट बॅरियर रीफ ही सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची प्रवाळरांग, उत्तरेस टोरेस सामुद्रधुनी, ईशान्येस पापुआची बेटे. गेल्या काही दशकांत येथून निघणाऱ्या क्रूझ सफरी प्रवाळापासून सुरू होऊन हळूहळू या सगळ्या दिशांना पसरल्या.

क्रूझच्या धंद्यात बंदरे दोन प्रकारची. काही ठिकाणी जहाज सकाळी लागते, प्रवासी दिवसभर हिंडतात, संध्याकाळी भोंगा वाजतो आणि सगळे निघून जातात. होम पोर्टचे तसे नसते. सफर तिथेच सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. इंधन, पिण्याचे पाणी, भाजीपाला, मासळी, धुतलेल्या चादरी हे सारे तिथेच चढते. कचरा उतरतो, कर्मचारी बदलतात. प्रवासी आदल्या दिवशी विमानाने येऊन हॉटेलात उतरतात. त्यामुळे एका जहाजामागे शहराला मिळणारा पैसा होम पोर्टला कितीतरी जास्त. केर्न्सला आंतरराष्ट्रीय विमानतळ असणे आणि तो धक्क्यापासून अगदी जवळ असणे हे येथे निम्मी लढाई जिंकल्यासारखेच आहे.

उरलेली निम्मी मात्र चिखलाशी आहे. केर्न्सची गोदी ट्रिनिटी खाडीत आहे आणि ही खाडी गाळाने भरत राहते. लांब, अरुंद खोदलेल्या मार्गातूनच जहाजाला आत यावे लागते. मोठी क्रूझ जहाजे त्यात मावत नसत. ती शहराच्या उत्तरेस यॉर्कीज नॉबसमोर नांगर टाकत आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर आणत. वारा वाढला की होड्या बंद. नांगरावर थांबलेले जहाज पाहुणे म्हणून ठीक, पण हजारो पेट्या आणि शेकडो नवे प्रवासी होड्यांतून चढवून तिथे होम पोर्ट चालवता येत नाही.

म्हणून मार्ग रुंद आणि खोल करण्याचा प्रकल्प आला. आधीच्या आराखड्यात कितीतरी जास्त गाळ उपसून तो समुद्रात टाकायचा होता. प्रवाळाच्या काळजीने त्याला कडाडून विरोध झाला, आणि २०१५मध्ये प्रवाळाच्या जागतिक वारसा क्षेत्रात अशा नव्या खोदकामाचा गाळ टाकण्यावर बंदीच आली. प्रकल्प आटोपशीर करून २०१९मध्ये सुमारे सात लाख घनमीटर गाळ काढला गेला. तो मुख्यतः बॅरन नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या खाणीतल्या खड्ड्यात, म्हणजे जमिनीवर, नेऊन टाकला. आता बऱ्याच मोठ्या जहाजांना धक्क्याला लागता येते. सगळ्यात अजस्र जहाजे मात्र अजूनही यॉर्कीज नॉबलाच थांबतात.

सफर आखणाऱ्याचे पहिले गणित रात्रीचे असते. प्रवाशांना दिवसा किनारा हवा असतो, म्हणजे अंतर रात्री कापायचे. ताशी १२ सागरी मैलांनी जाणारे लहान जहाज १२ तासांत १४४ सागरी मैल, म्हणजे सुमारे २६५ किलोमीटर जाते. केर्न्सहून उत्तरेकडचे लिझर्ड बेट बरोबर या टप्प्यात बसते, म्हणून तीन-चार रात्रींच्या प्रवाळ सफरीत ते हटकून असते. ऑगस्ट १७७०मध्ये कॅप्टन जेम्स कुक याच बेटाच्या साडेतीनशे मीटरहून उंच माथ्यावर चढला होता. जूनमध्ये त्याचे ‘एंडेव्हर’ जहाज प्रवाळावर आदळले, आज कुकटाऊन आहे तिथे नदीत नेऊन त्याची दुरुस्ती झाली, आणि आता त्याला या खडकांच्या जाळ्यातून बाहेर पडायची वाट शोधायची होती. पर्यटकांना हीच चढण दाखवली जाते. पण बेटाचा इतिहास कुकपासून सुरू होत नाही. दिंगाल लोक या बेटाला जिगुरू म्हणतात, आणि तेथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांचे तुकडे दोन ते तीन हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे संशोधकांनी २०२४मध्ये जाहीर केले. मार्गदर्शकाच्या माहितीत कुकला अर्धा तास आणि या भांड्यांना दोन मिनिटे मिळत असतील, तर ते बदलायला हवे.

खडकांचे जाळे कुकला भोवले तसे आजही भोवू शकते. केर्न्सपासून केप यॉर्कपर्यंत, मुख्य भूमी आणि प्रवाळ यांच्यामधल्या मार्गाने जाणाऱ्या ७० मीटर वा त्याहून लांब जहाजाला परवानाधारक पायलट, म्हणजे समुद्री वाटाड्या, घेणे १९९१पासून सक्तीचे आहे. ग्रेट बॅरियर रीफच्या सागरी उद्यानाचा नकाशा रंगांच्या पट्ट्यांत विभागलेला आहे; २००४पासून त्यातल्या सुमारे एक तृतीयांश भागात मासेमारीला पूर्ण मनाई आहे. पर्यटन कंपनीला परवाना लागतो आणि प्रत्येक प्रवाशामागे पर्यावरण शुल्क भरावे लागते. नांगर कुठे टाकायचा हेसुद्धा कप्तानाच्या मर्जीवर नसते.

येथेच मोठे जहाज आणि लहान जहाज यांचे नकाशे वेगळे होतात. केर्न्समध्येच वाढलेल्या कोरल एक्सपिडिशन्स या कंपनीची ‘कोरल अ‍ॅडव्हेंचरर’ आणि ‘कोरल जिऑग्राफर’ ही जहाजे व्हिएतनाममध्ये बांधली गेली. प्रत्येकावर जास्तीत जास्त १२० प्रवासी. ‘एक्सप्लोरर’ नावाच्या दोन मोठ्या होड्या जहाजावरच असतात. प्रवासी डेकवरूनच त्यांत बसतात, मग होडी पाण्यावर उतरवली जाते. शिडीवरून हलत्या होडीत उडी मारायला नको, त्यामुळे गुडघे दुखणारे सत्तरीतले प्रवासीही बिनधक्क्याच्या किनाऱ्यावर उतरू शकतात. आणि अशा सफरींचे गिऱ्हाईक मुख्यतः त्याच वयाचे असते. दोन हजार प्रवाशांच्या जहाजाला हे जमत नाही. त्याला धक्का, बसगाड्या आणि बाजारपेठ असलेले गावच लागते.

उत्तरेकडे कुकटाऊन, मग केप यॉर्कचे टोक आणि त्यापलीकडे टोरेस सामुद्रधुनीतली बेटे. थर्सडे बेटावर एकेकाळी मोत्याच्या शिंपल्यांसाठी जपानी पाणबुडे येत. त्यांची दफनभूमी तिथे आहे. या भागात सरकारी परवानगी पुरेशी नसते, जमिनीच्या पारंपरिक मालकांचा होकार लागतो. याच सामुद्रधुनीतल्या मरे बेटावरच्या एडी माबोच्या खटल्यात १९९२ साली ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क पहिल्यांदा मान्य केला. पापुआ न्यू गिनीशी लागणारी सरहद्दही येथे निराळी आहे. १९७८च्या करारानुसार दोन्ही बाजूंचे पारंपरिक रहिवासी पासपोर्टाशिवाय एकमेकांकडे जाऊ-येऊ शकतात. क्रूझच्या प्रवाशाला ही सवलत नाही. त्याचे सामान तपासले जाते आणि परत येताना फळाचा तुकडा वा लाकडी मुखवटासुद्धा जैवसुरक्षा अधिकाऱ्यासमोर ठेवावा लागतो.

खरी झेप ईशान्येची. पापुआ न्यू गिनीच्या टोकाजवळचे अलोटाऊ केर्न्सहून सुमारे नऊशे किलोमीटरवर आहे, म्हणजे मोठ्या जहाजाला एक पूर्ण दिवस समुद्रात. पी अँड ओ ऑस्ट्रेलिया या क्रूझ कंपनीने २०१३पासून पापुआच्या सफरी सुरू केल्या तेव्हा अलोटाऊ हा त्यातला महत्त्वाचा थांबा झाला. गाव मिल्न उपसागरावर आहे. १९४२च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जपानी सैन्याला प्रशांत महासागरातल्या युद्धातल्या जमिनीवरच्या पहिल्या मोठ्या पराभवांपैकी एक येथे पत्करावा लागला, आणि ऑस्ट्रेलियन प्रवाशांपैकी काहींचे आजोबा त्या लढाईत लढलेले असतात. पुढे न्यू ब्रिटन बेटावर राबाऊल. त्याचे देखणे बंदर म्हणजे ज्वालामुखीचे बुडालेले मुख. १९९४मध्ये दोन मुखांतून एकाच वेळी उद्रेक होऊन शहर राखेखाली गेले आणि प्रांताची राजधानी कोकोपोला हलली. राखेत गाडल्या गेलेल्या रस्त्यांवरून आज पर्यटक फिरवले जातात.

पण सगळ्यात लक्षात राहतो तो पापुआतल्याच ट्रोब्रियांड बेटांचा थांबा. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात येथे राहून ‘कुला’ या देवाणघेवाणीचा अभ्यास केला. शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि शिंपल्यांची कडी उलट दिशेने. कोणीही त्या कायमच्या ठेवून घेत नाही. मराठी वाचकाला मात्र येथला क्रिकेटचा खेळ जास्त भावेल. मिशनरी विल्यम गिल्मर यांनी १९०३च्या सुमारास, गावागावांतल्या मारामाऱ्या थांबाव्यात म्हणून तो आणला. लोकांनी तो घेतला आणि आपलासा केला. संघात कितीही माणसे चालतात, दोन्हीकडे सारखी असली म्हणजे झाले. चेंडू भाल्यासारखा फेकला जातो. गडी बाद झाला की सगळा संघ गात नाचतो, आणि सामना यजमानांनीच जिंकायचा असतो. यजमानांना एवढा फायदा वानखेडेवरही मिळत नाही!

हा थांबा टिकवणे मात्र कठीण. पापुआतली बहुतेक जमीन कुळांच्या सामायिक मालकीची आहे, त्यामुळे बोलणी सरकारशी नव्हे तर गावाशी करावी लागतात. काही शे लोकांच्या किनाऱ्यावर दोन हजार पाहुणे एकाच सकाळी उतरले, तर शौचालयापासून पिण्याच्या पाण्यापर्यंत सगळेच कमी पडते. लहान जहाजे त्या मानाने गावाला सोसतात, पण त्यांचे तिकीट सामान्य प्रवाशाला सोसत नाही. या कोड्याला सोपे उत्तर नाही.

वेळापत्रकाची शेवटची चावी हवामानाकडे. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. २०११चे यासी हे चक्रीवादळ केर्न्सच्या दक्षिणेकडून गेले. डिसेंबर २०२३मध्ये जास्पर चक्रीवादळाच्या पावसाने शहराचा विमानतळच पाण्याखाली आणला, आणि होम पोर्टचा विमानतळ बंद म्हणजे सफरही बंद. मे ते सप्टेंबर कोरडा असतो, पण आग्नेयेचे व्यापारी वारे जोर धरतात आणि उघड्या समुद्रात जहाज चांगलेच हलते.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किंबर्ली किनाऱ्याचा हंगाम याच सुमारास, साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो. तेथे भरती-ओहोटीतले अंतर ११ मीटरच्या आसपास जाते. डोंगरातल्या अरुंद खिंडीतून समुद्राचे पाणी आडवे कोसळते, त्यामुळे तेथले वेळापत्रक घड्याळापेक्षा भरतीच्या तक्त्यावर चालते. हा हंगाम गाठण्यासाठी केर्न्सची लहान जहाजे वर्षाकाठी केप यॉर्कला वळसा घालून डार्विन आणि ब्रूम या बंदरांकडे जातात. हे स्थलांतर रिकामे न करता तेही तिकीट लावून विकले जाते: टोरेस सामुद्रधुनी आणि अर्नहेम लँडचा किनारा दाखवत एका बंदरात चढायचे, दुसऱ्यात उतरायचे, परतीला विमान. मार्च २०२० ते एप्रिल २०२२ परदेशी क्रूझ जहाजांवर बंदी असताना ऑस्ट्रेलियन झेंड्याच्या या लहान जहाजांना देशातल्याच वाटा नव्याने धुंडाळाव्या लागल्या, आणि त्यांतल्या अनेक सफरी पुढेही चालू राहिल्या. मोठ्या जहाजांच्या बाबतीत मात्र पान उलटले: पी अँड ओ ऑस्ट्रेलिया हे नाव मार्च २०२५मध्ये बंद झाले आणि त्या कंपनीची उरलेली दोन जहाजे कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या नावाखाली गेली.