इंग्रजी वाचता येते, पण कळते काय?

गेल्या महिन्यात आमच्या शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत एका पालकाने मुलाचा दाखला मागितला. "गुरुजी, मराठी शाळेबद्दल तक्रार नाही. पण पोराला इंग्लिश यायला नको काय?" एवढेच त्यांचे म्हणणे. सीमाभागातील मराठी शाळांचा पट घटण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी हे कारण तरी आपल्या हातातले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या आठवीच्या मुलांना इंग्रजी वाचता येत नाही असे नाही. धडाधड वाचतात. धड्याखालची उत्तरे गाईडातून पाठ असतात. अडते ते न पाहिलेल्या उताऱ्यावर. 'द बस हार्डली स्टॉप्स हिअर' हे वाक्य मी फळ्यावर लिहिले. 'हार्ड' म्हणजे कठीण हे सर्वांना ठाऊक, म्हणून 'बस कष्टाने थांबते' असा अर्थ वर्गाने एकमुखाने सांगितला. बस येथे जवळजवळ थांबतच नाही, हे आमच्या फाट्यावरचे रोजचे सत्य असूनही कुणाला उमगले नाही! 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचेही तसेच. पहिल्याचा रोख 'फारसे नाहीत' असा, दुसऱ्याचा 'थोडे तरी आहेत' असा. एका 'अ'ने वाक्य फिरते.

हा सराव आता घरच्या मोबाईलवर होऊ शकतो. ब्रिटिश कौन्सिलच्या 'लर्न इंग्लिश' या संकेतस्थळावर 'ए १' पासून 'सी १' पर्यंत पातळीवार उतारे विनामूल्य आहेत. आधी शब्दांची तयारी, मग उतारा, मग प्रश्न. आठवीच्या मुलाने लाज न बाळगता 'ए १' पासूनच सुरुवात करावी. ओळीओळीला शब्द अडू लागला, तर तो उतारा तूर्त आपला नव्हे.

प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेले 'स्टोरीवीव्हर' तर सीमाभागासाठीच काढल्यासारखे आहे. तेथील कितीतरी चित्रगोष्टी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मिळतात. मराठीत गोष्ट वाचून मग तीच इंग्रजीत वाचली, की अर्थ आधीच मनात असतो आणि शब्दांची धास्ती उरत नाही. आमच्या मुलांना कन्नडचाही सराव होतो, हा वरचा लाभ.

प्रश्नमंजुषेबद्दल मात्र थोडी सावधगिरी हवी. चार पर्यायांतून बोट ठेवायचे असेल तर अंदाजानेही गुण मिळतात, आणि पोरे या कामात पटाईत! म्हणून मी गुण विचारत नाही. उत्तर उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवरून काढले ती ओळ दाखवायला लावतो, मग तिचा अर्थ मराठीत सांगायला लावतो. येथेच खरे-खोटे कळते. ज्याला मराठीत सरळ सांगता येते, त्याची चूक नेमकी कुठे झाली हे मला सापडते आणि दुरुस्तही करता येते. माध्यम बदलून ही खोट भरून निघत नाही. इंग्रजी शाळेतली मुलेही 'हार्डली'ला अडखळतात, हे मी शिकवणीत पाहिले आहे.

त्या पालकांना मी शनिवारी वर्गात बसवले. त्यांच्या मुलाने मोबाईलवरचा एक छोटा उतारा वाचला आणि वडिलांना मराठीत समजावून सांगितला. पाच प्रश्नांपैकी दोन चुकले. त्यांतल्या एकाची ओळ त्याने स्वतःच शोधून काढली. वडील काही बोलले नाहीत. दाखल्याचा अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. त्यांनी तो परत नेलेला नाही, पण पुन्हा मागितलेलाही नाही.