डिजिटल मार्केटिंगची पदव्युत्तर पदवी : शुल्क भरण्यापूर्वी

बालाघाटच्या डोंगररांगांत पिकणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र झाडावरून उतरविल्यावर हे फळ काही दिवसांतच पिकते आणि नासू लागते. बाग धारूरला आणि गिऱ्हाईक पुण्या-मुंबईला. हे अंतर जाहिरातीने किती खर्चात तोडता येईल, हा प्रश्न डिजिटल मार्केटिंगच्या कोणत्याही वर्गात शोभावा असाच आहे.

गूगलवरील शोधाच्या निकालात जाहिरात दिली, तर साधारणतः ती दिसल्याचे नव्हे, तिच्यावर क्लिक झाल्याचे पैसे मोजावे लागतात. प्रत्येक शोधागणिक जागेचा लिलाव होतो आणि त्यात बोलीच्या रकमेबरोबर जाहिरातीचा दर्जाही पाहिला जातो. समजा, एक क्लिक ५ रुपयांना पडली आणि १०० क्लिकमधून ४ पेट्यांची मागणी आली. पेटीमागे जाहिरातीचा खर्च झाला १२५ रुपये. पेटीवर ९० रुपयेच सुटत असतील, तर मागणी येऊनही बागायतदार तोट्यात! हा हिशेब, ग्राहकाच्या वर्तनाचा अभ्यास आणि आकडेवारीचे विश्लेषण हा या शिक्षणाचा गाभा होय. समाजमाध्यमांवर चित्रे टाकणे हा त्याचा अगदी लहान भाग.

हे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर बहुधा एमबीएमधील विशेष विषय म्हणून दिले जाते. राज्यातील महाविद्यालयांत पूर्णवेळ एमबीएसाठी सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवीला किमान ५० टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण अपेक्षित असतात. गाव सोडणे ज्यांना परवडत नाही, त्यांना ऑनलाइन पदवीचा मार्ग आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

फसगत होते ती 'पदवी' या शब्दापाशी. १९५६ च्या आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तो अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. खासगी शिकवणीवर्गाने दिलेला कागद कितीही देखणा असला, तरी ते प्रमाणपत्रच. पदव्युत्तर पदविका हीदेखील पदवी नव्हे. शिवाय ऑनलाइन शिक्षणात विद्यापीठांना फ्रँचायझी नेमण्यास मनाई आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावी गाळा घेऊन कोणी परस्पर 'विद्यापीठाचा प्रवेश' देत असेल, तर पैसे देण्याआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे व अभ्यासक्रमाचे नाव त्या शैक्षणिक वर्षाच्या यादीत आहे का, हे पाहावे. गतवर्षीची मान्यता यंदा चालेलच असे नाही. शुल्कही थेट विद्यापीठाकडेच भरावे.

ज्याला पदवी नको, केवळ जाहिरातीचे तंत्र हवे आहे, त्याच्यासाठी गूगलचे जाहिरातविषयक प्रमाणपत्र विनामूल्य आहे. त्याची मुदत एक वर्षाची असते.