‘छाटणे’ आणि ‘तोडणे’ : एक अर्थविचार

कल्याण-कसारा लोहमार्गावरील आंबिवली हे गाव आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. गावाच्या नावातील पूर्वपदात आंबा उघड दिसतो. ‘वली’ हे उत्तरपद ‘पल्ली’ म्हणजे वस्ती या संस्कृत शब्दापासून आले, असे सामान्यतः मानतात. शेजारच्या वडवलीच्या नावात वड आहे. वृक्षांवरून नावे पडलेल्या अशा परिसरातही पावसाळा जवळ आला की झाड ही घरमालकाची चिंता होऊन बसते. फांदी छपरावर कोसळेल, विजेच्या तारांना लागेल, या भीतीने तो झाडे कापणाऱ्या कंत्राटदारास बोलावतो आणि ‘झाड छाटून द्या’ एवढेच सांगतो. या वाक्यातील संदिग्धतेचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

‘तोडणे’ या क्रियापदाचे कर्म म्हणजे जे वेगळे होते ती वस्तू. ‘फूल तोडले’ म्हणजे फूल गेले, ‘फांदी तोडली’ म्हणजे फांदी गेली, आणि ‘झाड तोडले’ म्हणजे झाडच गेले. ‘छाटणे’ याची प्रकृती निराळी आहे. ‘फांदी छाटली’ या वाक्यात कर्म नाहीसे होते. ‘झाड छाटले’ या वाक्यात मात्र कर्म मागे उरते. मराठीत अशी दुहेरी रचना घेणारी क्रियापदे आणखीही आहेत. कचरा झाडला जातो आणि अंगणही झाडले जाते. धूळ पुसतात आणि पाटीही पुसतात. पहिल्या रचनेत काय गेले ते कळते, दुसऱ्या रचनेत काय राहिले ते कळते. परंतु अंगणातला सगळाच कचरा काढावयाचा असतो, तर झाडाच्या सगळ्याच फांद्या काढावयाच्या नसतात. म्हणून ‘झाड छाटणे’ या प्रयोगात किती काढावे व कोठे थांबावे, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट अनुक्तच राहते.

जुन्या ग्रामव्यवहारात ही मर्यादा शब्दाने नव्हे, तर गरजेने पाळली जाई. ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी राब करीत. त्यासाठी झाडांचा टहाळ तोडून आणीत. वनखात्याच्या निर्बंधांमुळे या प्रथेवरून इतका असंतोष माजला की, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला. राब करणाऱ्याला टहाळ पुढल्या वर्षीही हवा असे. म्हणजे टहाळ हे उत्पन्न आणि झाड हे भांडवल. शहरी घरमालकाच्या दृष्टीने कापलेली फांदी हा कचरा असतो. त्यामुळे पुन्हा लवकर खर्च नको म्हणून जितके अधिक छाटावे तितके बरे, असे त्यास वाटते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा समज चुकीचा ठरतो. ‘जखम भरून येते’ हा प्रयोग मनुष्यदेहाप्रमाणे आपण झाडालाही लावतो; परंतु झाडाचे दुखावलेले लाकूड पुन्हा पूर्ववत होत नाही. झाड त्या भागाभोवती आतून जणू भिंती उभारते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवून तो झाकते. अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७७ साली ही उपपत्ती व्यवस्थित रीतीने मांडली. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक फुगीर वलय असते. काप त्याच्या लगत बाहेर घेतल्यास जखम झाकली जाते, वलयच कापले गेल्यास कूज खोडात शिरण्याचा धोका वाढतो. जड फांदीच्या बाबतीत प्रथम खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या किंचित पुढे वरून काप, आणि शेवटी उरलेला खुंट वलयाबाहेर काढणे, असा क्रम पाळतात. त्यामुळे फांदी पडताना खोडाची साल सोलली जात नाही. उलट, शेंडाच सरसकट उडविला तर खुंटांवर दुबळ्या जोडाचे असंख्य फुटवे येतात आणि काही वर्षांत तेच जड होऊन मोडतात. ज्या भीतीपोटी झाड छाटले, ती भीती अशा रीतीने परत येते. नारळाच्या बाबतीत तर भेदच उरत नाही : त्याला वाढीचा कोंब एकच, म्हणून नारळाचा शेंडा छाटणे म्हणजे नारळ मारणे होय.

कायद्याने हा भेद आपल्या परीने मिटविला आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यातील व्याख्येप्रमाणे, झाड तोडण्याच्या कल्पनेत ते जाळणे, कापणे अथवा कोणत्याही प्रकारे त्यास इजा पोहोचविणे यांचा समावेश होतो. अर्थात, ‘तोडले नाही, केवळ छाटले’ हा बचाव व्यवहारात कितीही स्वाभाविक वाटला तरी कायद्याच्या भाषेत तो पुरेसा नाही. झाड मेलेले, रोगट वा जीवितास व मालमत्तेस धोकादायक असेल तर परवानगीची वाट आहे. परंतु ती वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करूनच चालावयाची असते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा विशेष दर्जा दिला.

तात्पर्य, लोकव्यवहार ‘छाटणे’ व ‘तोडणे’ यांतील भेद हेतूवरून करतो, झाडाला मात्र काप कोठे पडला एवढेच कळते, आणि कायदा इजा झाली की नाही हे पाहतो. या तिन्हींचा मेळ घालावयाचा तर अर्जात व कंत्राटात क्रियापदाचे कर्म बदलणे हा साधा उपाय आहे. ‘झाड छाटावे’ असे न लिहिता ‘छपरावर झुकलेली अमुक फांदी, खोडालगतच्या वलयाबाहेर कापावी’ असे लिहिले, म्हणजे काय जाणार आणि काय राहणार, या दोहोंचाही निर्देश होतो. करवत चालविणाऱ्याला मर्यादा कळते, परवानगी देणाऱ्याला पाहणी करता येते, आणि आंबिवलीच्या नावातला आंबा कुंपणाशीही उभा राहू शकतो.