गरोदर बाईला बंधनं कमी, मदत जास्त हवी

खोपोलीहून नोकरीला जाणाऱ्या बाईचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. लौजी, डोलवली, केळवली, पळसधरी करत कर्जतला जाणारी ही गाडी चुकली की पुढची लवकर मिळत नाही. त्यामुळे पाणी, डबे, मोठ्याची शाळा उरकून ती धावतपळत स्टेशन गाठते. तिला दिवस गेले की घरातून आणि शेजारातून सूचना सुरू होतात. त्या बहुतेक मायेपोटी असतात. पण काही सूचनांनी आईचंच नुकसान होतं.

गैरसमज : लोकलच्या धक्क्यांनी गर्भ पडतो.
वस्तुस्थिती : पहिल्या तीन महिन्यांतले बहुतेक गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तो प्रवासाचा दोष नसतो आणि आईचा तर नसतोच. रक्तस्राव होत असेल किंवा वार खाली असेल, तर डॉक्टर सांगतील तसं वागावं. एरवी जपायचं ते गर्दीत पडण्यापासून. तिला बसायला जागा द्या.

गैरसमज : आता दोन जिवांचं खायचं, पपई मात्र पूर्ण बंद.
वस्तुस्थिती : चौथ्या महिन्यापासून रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात. नाचणीची एक भाकरी आणि वाटीभर उसळ जास्त खाल्ली की त्या भागतात. कच्च्या पपईचा चीक टाळावा. पिकलेली पपई बेताने खायला हरकत नाही. खरी अडचण ताटात आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्या वाट्याला भात आणि तळाची पातळ आमटी उरते. तिचं ताट आधी वाढा.

गैरसमज : लोहाच्या गोळ्या उष्ण पडतात, त्यांनी बाळ काळं होतं.
वस्तुस्थिती : 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ही गोळी रोज एक, किमान 180 दिवस घ्यायची असते आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. शौचाला काळं होतं ते लोहामुळे, घाबरू नये. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र ती घेऊ नये. बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो. गोळीने तो काळवंडत नाही, तसा केशराने उजळतही नाही.

गैरसमज : ग्रहणात गरोदर बाईने काही चिरू नये, खाऊ नये.
वस्तुस्थिती : सावलीने बाळाला व्यंग येत नाही. उपाशी-तहानलेलं राहिल्याने मात्र आईला चक्कर येऊ शकते. 2 ऑगस्ट 2027ला महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. त्या दिवशीही तिने वेळेवर जेवावं. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कोणीच पाहू नये.

गैरसमज : पहिलं पिवळं दूध पिळून टाकावं आणि बाळाला मध चाटवावा.
वस्तुस्थिती : या चिकात रोगांशी लढणारे घटक भरपूर असतात. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावं. सहा महिने फक्त आईचं दूध. मे महिन्याच्या उकाड्यातही वरचं पाणी नको. मधातून विषबाधेचा धोका असतो, म्हणून वर्षाच्या आत तो देऊच नये.

गैरसमज : कंत्राटी बाईला बाळंतपणाची रजा नसते, सरकारी दवाखान्यातही खर्च येतोच.
वस्तुस्थिती : दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. कंत्राटी बाईलाही हा हक्क आहे. 2011पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची सोयही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणं : यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट न बघता 108ला फोन करावा. पावसाळ्यात वाडीचा रस्ता बंद होत असेल, तर तारखेच्या आधीच बाईला दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे आणून ठेवावं. आणि रोजचं पाणी, डबे, भांडी आज रात्रीपासून घरातल्यांनी वाटून घ्यावीत. तिच्यावर नवं बंधन घालण्याआधी तिच्या हातातलं एक काम कमी करा.